पहिल्या पावसाआधीचे अंदमान : अभ्याससहलीचा काळ कसा ठरवावा

महाविद्यालयांच्या परीक्षा संपणे आणि अंदमानच्या समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारे पोहोचणे, ह्या दोन घटनांमध्ये सामान्यतः चार-पाच आठवड्यांपेक्षा अधिक अंतर नसते. भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा इतिहास ह्यांपैकी कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्यांची तुकडी ह्या बेटांवर न्यावयाची झाल्यास ती बहुधा ह्याच अवधीत न्यावी लागते. हा अवधी वाया घालवण्याचे कारण नाही. परंतु तो सरसकट निर्धोक समजणेही बरोबर नाही. तारखा ठरविताना आपण बहुधा रेल्वेची वा विमानाची तिकिटे, निवासाची सोय आणि वर्गणीचा आकडा ह्यांचाच विचार करतो. ज्या समुद्रावरून जावयाचे व परतावयाचे, त्याचा विचार मागाहून येतो, किंवा येतच नाही. प्रस्तुत लेखात तो क्रम उलटा केला आहे. प्रथम बेटांचा ऋतू समजून घ्यावा आणि मग त्यावरून कार्यक्रम बसवावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

नावांविषयी एक खुलासा आरंभीच केलेला बरा. पोर्ट ब्लेअर ह्या शहरास २०२४ च्या सप्टेंबरात शासनाने श्रीविजयपुरम् हे नाव दिले. त्यापूर्वी २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉक बेटास स्वराज द्वीप, नील बेटास शहीद द्वीप आणि रॉस बेटास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप अशी नावे देण्यात आली. हवामानाच्या व इतिहासाच्या बहुतेक नोंदी जुन्या नावांनी असल्यामुळे लेखात शहराचा उल्लेख पोर्ट ब्लेअर असाच केला आहे. बेटांची नवी नावे वापरली आहेत.

बेटांचे स्थान

अंदमान-निकोबार ही ब्रह्मदेशातील आराकान पर्वतरांगेच्या, समुद्रात बुडून पुढे सुमात्रापर्यंत गेलेल्या शाखेची शिखरे होत. लहानमोठी बेटे व खडक मिळून त्यांची संख्या पाचशेहून अधिक भरते. मनुष्यवस्ती मात्र चाळिसांहून कमी बेटांवर आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. उत्तर अंदमानातील सॅडल पीक हे ७३२ मीटर उंचीचे शिखर सर्वांत उंच होय. अंदमान व निकोबार ह्या दोन गटांमधून दहा अंशांची सामुद्रधुनी जाते, आणि सर्वांत दक्षिणेचे इंदिरा पॉइंट ६ अंश ४५ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे सुमात्रापासून दोनशे किलोमीटरांहूनही कमी अंतरावर आहे. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर सुमारे १,१९० किलोमीटर दूर आहे. जहाजाने जाण्यास तीन दिवस धरावे लागतात.

ह्या स्थानाचे दोन परिणाम प्रवाशाने ध्यानात ठेवावयाचे आहेत. पहिला असा की, पोर्ट ब्लेअर ११ अंश ४० कला अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे तेथे सूर्य २१ एप्रिलच्या सुमारासच माथ्यावर येतो. मुंबईच्या माथ्यावर यावयास त्यास मेचा मध्य उजाडतो. उन्हाळ्याचा कळस तेथे आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस दिवस आधी होतो, आणि पावसाची चाहूलही त्याच बेताने आधी लागते. दुसरा परिणाम असा की, बेटांच्या चोहोंकडे समुद्र असल्यामुळे उष्णतामानात फारसा चढउतार होत नाही; वर्षभर पारा साधारणतः २३ ते ३२ अंश सेल्सिअस ह्यांच्या दरम्यान राहतो. म्हणून अंदमानात ऋतू ओळखावयाचा तो उन्हाच्या तापावरून नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेवरून आणि पावसाच्या मापावरून.

दोन मोसमांमधील फट

महाराष्ट्रातील माणसाच्या मनात पावसाळ्याचा आरंभ मृग नक्षत्राशी जोडलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वळिवाच्या एक-दोन सरी सोडल्या, तर आकाश कोरडे राहणार हे तो गृहीतच धरतो. अंदमानास हा हिशेब लागू पडत नाही. तेथे मोसमी पाऊस कृत्तिका नक्षत्रातच येऊन ठेपतो, आणि नैर्ऋत्य मोसम सरला तरी पाऊस थांबत नाही. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमाचा व बंगालच्या उपसागरातील आवर्तांचा पाऊस पडतच राहतो. वर्षाचे एकूण पर्जन्यमान सुमारे ३,००० मिलिमीटर भरते. ते मुंबईपेक्षाही अधिक आहे, परंतु मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तर हा आठ महिन्यांत विभागला जातो. खरा कोरडा काळ जानेवारी ते एप्रिल एवढाच.

ह्या कोरड्या काळातही सर्व दिवस सारखे नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येकडील वारा बऱ्यापैकी वाहत असतो व पूर्वेकडील किनाऱ्यांवर लाटा उठतात. मार्चपासून तो मंदावतो. नैर्ऋत्येचा वारा अद्याप सुरू झालेला नसतो. एका मोसमाने निरोप घेतला आहे आणि दुसरा आलेला नाही, अशा ह्या फटीत समुद्र वर्षातील सर्वांत शांत अवस्थेत असतो. पाण्यात गाळ मिसळत नसल्यामुळे ते नितळ असते. प्रवाळ, मासे आणि समुद्रतळ ह्यांचे निरीक्षण करण्यास ह्याहून चांगला काळ नाही. पोर्ट ब्लेअर येथे एप्रिलचा सरासरी पाऊस शंभर मिलिमीटरांच्या आत असतो. मेमध्ये तो तीनशेच्या वर जातो. ह्याचा अर्थ असा की, फट बंद होते ती हळूहळू नव्हे. दोन-तीन आठवड्यांत सारे चित्र पालटते.

मोसमी वारे भारताच्या मुख्य भूमीआधी येथे का पोहोचतात, हे समजून घेणे उपयुक्त आहे. एप्रिल-मेमध्ये इंडोचीनचा भूभाग तापतो आणि बंगालच्या उपसागराच्या आग्नेय भागातील पाण्याचे उष्णतामान ३० अंशांच्या घरात जाते. विषुववृत्त ओलांडून आलेले वारे पश्चिमेकडून वळून प्रथम ह्या तप्त व बाष्पयुक्त भागाकडे ओढले जातात. त्यामुळे निकोबार व दक्षिण अंदमान समुद्र हे मोसमाच्या वाटेवरचे पहिले ठाणे ठरते.

सरासरी तारखेचा अर्थ

भारतीय हवामान विभागाने मोसमाच्या आगमनाच्या सरासरी तारखा निश्चित केल्या आहेत. त्यांनुसार अंदमान समुद्रात मोसमी वारे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतात आणि केरळात १ जूनला. प्रवासाचा बेत करणारे पुष्कळ लोक ही सरासरी तारीख म्हणजे जणू सीमारेषा समजतात व तिच्या आदल्या दिवसापर्यंतचा कार्यक्रम आखतात. ही चूक आहे. सरासरी तारीख ही अनेक वर्षांच्या मागेपुढे झालेल्या तारखांचे मध्यमान असते. कोणत्याही एका वर्षी पाऊस तिच्या आधी येण्याचा संभव नंतर येण्याच्या संभवाइतकाच असतो.

अलीकडील तीन वर्षांचे उदाहरण पाहावे. २०२३ मध्ये व २०२४ मध्ये मोसमी वाऱ्यांनी १९ मे रोजी निकोबारच्या परिसरात प्रवेश केला. २०२५ मध्ये ते १३ मे रोजीच पोहोचले. केरळातील आगमन २०२३ मध्ये ८ जूनला, २०२४ मध्ये ३० मे रोजी आणि २०२५ मध्ये २४ मे रोजी झाले. म्हणजे पहिल्या दोन वर्षी अंदमानची तारीख एकच असूनही केरळच्या तारखांत नऊ दिवसांचा फरक पडला. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अंदमानातील आगमनावरून आपल्याकडच्या पावसाचे भाकीत करू नये. आणि आपल्याकडच्या पावसाच्या अंदाजावरून अंदमानचा बेत करू नये. दोहोंसाठी स्वतंत्र अंदाज पाहावा लागतो.

शिवाय आगमनाची घोषणा होण्यापूर्वीही सरी येतात. मोसमाची निश्चिती हवामानशास्त्रज्ञ पाऊस, पश्चिमेकडील वाऱ्यांचा थर आणि ढगांचे आच्छादन ह्या साऱ्यांवरून करतात. प्रवाशाच्या अंगावर पडणारा पाऊस त्या घोषणेची वाट पाहत नाही. म्हणून आमचे मत असे की, सहलीचा शेवटचा दिवस सरासरी तारखेच्या किमान दोन आठवडे आधी असावा. १५ एप्रिल ते ५ मे हा काळ त्या दृष्टीने योग्य होय.

पाऊस नव्हे, वारा

बेटावरील प्रवाशाची अडचण पावसाने होत नाही, वाऱ्याने होते. पावसात भिजून माणूस पुन्हा वाळतो. पण वारा वाढला की नौका सुटत नाहीत, आणि नौका सुटली नाही की बेटावरचा माणूस बेटावरच राहतो.

उत्तर हिंदी महासागरात चक्रीवादळांचे वर्षातून दोन हंगाम असतात : एक मोसमापूर्वीचा, मुख्यतः एप्रिल-मेमध्ये, दुसरा मोसमानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. चक्रीवादळ तयार होण्यास समुद्राच्या पृष्ठभागाचे उष्णतामान सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक असावे लागते, आणि वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत फार तफावत नसावी लागते. मोसम पूर्ण स्थिरावला म्हणजे खाली जोरदार पश्चिमी वारे आणि वर जोरदार पूर्वी वारे अशी तफावत उत्पन्न होते, व उभारू पाहणारे आवर्त फाटून जाते. मेच्या आरंभी मात्र समुद्र पुरेसा तापलेला असतो आणि ही तफावत अद्याप निर्माण झालेली नसते. ज्या शांततेमुळे प्रवासी अंदमानकडे आकर्षिला जातो, तीच शांतता वादळासही अनुकूल असते.

सलग दोन वर्षी ह्याचा प्रत्यय आला. २०२२ च्या मेमध्ये ‘असानी’ आणि २०२३ च्या मेमध्ये ‘मोचा’ ही दोन्ही चक्रीवादळे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अंदमान समुद्राच्या परिसरातील कमी दाबाच्या क्षेत्रांतून वाढली. त्यांतील ‘मोचा’ १४ मे २०२३ रोजी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर सितवेजवळ आदळले. अशी वादळे अंदमानजवळ असताना बहुधा बाल्यावस्थेत असतात. त्यांचे उग्र स्वरूप पुढे मुख्य भूमीवर प्रकट होते. पण बेटांमधील वाहतूक बंद पडण्यास बाल्यावस्थाच पुरेशी असते.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. वाऱ्याचा वेग ताशी १७ नॉट, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटर झाला की हवामान विभाग त्या क्षेत्रास अवदाब म्हणतो. ३४ नॉट, म्हणजे सुमारे ६३ किलोमीटर झाला की चक्रीवादळ म्हणतो, आणि नाव दिले जाते ते ह्या दुसऱ्या टप्प्यावर. सामान्य माणूस वादळाचे नाव कानी पडेपर्यंत सावध होत नाही. परंतु लहान नौकांची ये-जा त्याच्या कितीतरी आधी थांबवावी लागते. २०१६ च्या डिसेंबरात, पुढे ‘वरदा’ ह्या नावाने चेन्नईवर गेलेले आवर्त अंदमानजवळ असतानाच नौका बंद झाल्या, आणि स्वराज द्वीप व शहीद द्वीप येथे शेकड्यांनी प्रवासी अडकून पडले. त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. ती घटना मोसमानंतरच्या हंगामातील होती. परंतु तिचा धडा मेसही तितकाच लागू आहे. निर्णय घेण्याची वेळ नाव दिले जाते तेव्हाची नव्हे, कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी येते तेव्हाची असते.

ह्या बेटांचा वादळांशी असलेला संबंध जुना आहे. १८४४ च्या नोव्हेंबरात सैनिक घेऊन निघालेली ‘ब्रिटन’ आणि ‘रनिमीड’ ही दोन जहाजे एकाच वादळात सापडून अंदमानातील एकाच बेटाच्या किनाऱ्यावर फेकली गेली. त्याच काळात कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन उपसागरातील वादळांच्या नोंदी जमवीत होता. आज सर्वत्र रूढ असलेला ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच प्रचारात आणला. वसाहतीचा पहिला प्रयत्नही निसर्गापुढे टिकला नव्हता. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर ह्याने चॅथम बेटावर वसविलेली वसाहत १७९२ मध्ये उत्तर अंदमानात हलविण्यात आली आणि रोगराई व मृत्यू ह्यांमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. पुढे १८५८ मध्ये बंदिवानांची वसाहत म्हणून ती पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातील वाचकास अंदमान परिचित आहे ते ह्याच संदर्भात. स्वातंत्र्यवीर सावरकरांना ‘महाराजा’ जहाजातून तेथे नेण्यात आले, तो १९११ चा जुलै महिना होता, म्हणजे ऐन पावसाळा. विद्यार्थ्यांनी सेल्युलर जेलच्या उरलेल्या पाखी पाहताना हा ऋतू लक्षात घ्यावा; उन्हाळ्यातल्या स्वच्छ प्रकाशात दिसणारी कोठडी आणि आठ महिन्यांच्या ओलीत भोगलेली कोठडी एकच नव्हे.

दिवसाचे माप

भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बसविलेली आहे. मुंबई तिच्या पश्चिमेस आहे, पोर्ट ब्लेअर पूर्वेस. दोहोंच्या रेखांशांत सुमारे वीस अंशांचे अंतर असल्यामुळे घड्याळ तेच ठेवूनही अंदमानातील सूर्य मुंबईच्या सूर्यापुढे सुमारे ८० मिनिटे चालतो. मेच्या आरंभी पोर्ट ब्लेअरला सूर्योदय पाचच्या सुमारास होतो आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. मुंबईची दिनचर्या तशीच तेथे नेणारी तुकडी आठला न्याहारी करून नवाला निघते. तोपर्यंत दिवसाचा एक तृतीयांश भाग सरलेला असतो.

मोसमापूर्वीच्या काळात ह्या गोष्टीस आणखी महत्त्व येते. सकाळी समुद्र शांत व आकाश मोकळे असते. दुपारी बेटांची भूमी तापते, दमट हवा वर चढते, ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तिसऱ्या प्रहरी वादळी वाऱ्यासह सर येऊन जाते. तेव्हा नौकेचा प्रवास, प्रवाळांचे निरीक्षण, खारफुटीतील भ्रमण ही सर्व कामे पहाटे पाच ते अकरा ह्या वेळात उरकावीत; दुपार वस्तुसंग्रहालये, नोंदी लिहिणे व विश्रांती ह्यांसाठी राखावी.

भरती-ओहोटीचाही विचार करावा. कोकणातील विद्यार्थ्यास उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी फार दूर जाते व किनाऱ्यावरील जीवसृष्टी उघडी पडते. निरीक्षणास ते दिवस उत्तम. अष्टमीच्या सुमारास भांग असते, प्रवाह मंद असतात, आणि पोहण्यास वा होडीतून उतरण्यास ते दिवस सोयीचे. पंचांग उघडून तिथी पाहण्यास खर्च पडत नाही. तरी कार्यक्रम आखताना ती पाहणारे थोडेच.

पाणी आणि प्रवाळ

आतापर्यंत प्रवाशाच्या सोयीचा विचार झाला. परंतु ह्या काळाची दुसरी बाजू बेटाच्या सोयीची आहे, आणि अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

पोर्ट ब्लेअरचा पाणीपुरवठा मुख्यतः धनीखाडी येथील धरणावर अवलंबून आहे. कोरड्या ऋतूच्या अखेरीस त्याची पातळी खालावते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या बेटावर पाण्याची टंचाई भासावी हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु उतार तीव्र, नद्या आखूड आणि साठवणुकीच्या जागा थोड्या असल्यामुळे पडलेले पाणी थोड्याच वेळात समुद्रास मिळते. पुढचा पाऊस येईपर्यंत साठ्यावरच भागवावे लागते. आपली सहल ज्या आठवड्यांत जाते, ते बेटावरील पाण्याच्या दृष्टीने वर्षातील शेवटचे व सर्वांत अडचणीचे आठवडे असतात. चाळीस जणांच्या तुकडीने दररोज शहरातल्याप्रमाणे पाणी वापरणे म्हणजे यजमानाच्या रिकाम्या होत आलेल्या रांजणात हात घालणे होय. तुकडी लहान ठेवावी. कपडे धुण्याचे काम शक्य तो परत आल्यावर करावे. निवासस्थानी पाण्याची स्थिती काय आहे, ह्याची चौकशी आधीच पत्राने करावी.

प्रवाळांचे तसेच आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांच्यामुळेच त्यास रंग व बरेचसे पोषण मिळते. पाण्याचे उष्णतामान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून अंश-दीड अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात व पांढरे पडतात. पाणी वेळेवर निवळले तर ते पुन्हा सावरतात, नाहीतर मरतात. एप्रिल-मेमध्ये शांत समुद्र, निरभ्र आकाश व माथ्यावरचा सूर्य हे तिन्ही योग एकत्र येत असल्यामुळे हा धोका ह्याच काळात सर्वाधिक असतो. १९९८, २०१० व २०१६ ह्या वर्षी अंदमानच्या प्रवाळांना असा मोठा तडाखा बसला. मोसमाचे ढग आले आणि लाटांनी पाणी ढवळले म्हणजे प्रवाळांना दिलासा मिळतो. ज्या पावसाची आपल्याला धास्ती, त्याची त्यांना प्रतीक्षा असते. म्हणून ह्या दिवसांत प्रवाळांवर पाय देऊ नये, हात लावू नये, तुकडा उचलू नये. पांढरे पडलेले प्रवाळ दिसल्यास स्थळ, खोली व तारीख नोंदवून घ्यावी. विद्यार्थ्यांच्या हातून होण्यासारखे ते उपयुक्त संशोधन आहे.

लक्षद्वीपशी तुलना

काहींना अंदमानपेक्षा लक्षद्वीप जवळचे व सोपे वाटते. अंतर कमी आहे हे खरे. पण बेटांची जात वेगळी आहे. लक्षद्वीप ही प्रवाळांनी बांधलेली, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच अशी कंकणद्वीपे होत. सर्व मिळून भूमी ३२ चौरस किलोमीटर. तेथे डोंगर नाही, नदी नाही, धरण नाही. जमिनीखाली मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराने तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी एक हात असेल, तर खाली ते तत्त्वतः सुमारे चाळीस हात पोहोचते, आणि वरची पातळी एक हात खाली आणली की खालून खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकते. ह्याच अडचणीवर उपाय म्हणून २००५ मध्ये कवरत्ती येथे समुद्राच्या निरनिराळ्या थरांतील उष्णतामानाच्या फरकावर चालणारे निःक्षारीकरण केंद्र सुरू करण्यात आले. वादळाचा प्रश्न तेथेही आहे. २०२१ च्या मेच्या मध्यास लक्षद्वीपच्या परिसरात तयार झालेले ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबई व कोकण किनारपट्टीस तडाखा देत १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर गेले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. लक्षद्वीपात जाण्यास भारतीय नागरिकांनाही परवाना लागतो. तेव्हा मेच्या बेतासाठी अर्ज फार आधी करावा.

कार्यक्रमाची मांडणी

वरील विवेचनावरून कार्यक्रमाचे काही नियम सहज निघतात.

पहिला नियम : दूरचे आधी, जवळचे शेवटी. पुष्कळ तुकड्या प्रथम पोर्ट ब्लेअर सावकाश पाहतात व अखेरचे दोन दिवस स्वराज द्वीपावर काढून दुसऱ्या दिवशी विमान गाठण्याचा बेत करतात. मोसमाच्या तोंडावर ह्याहून धोक्याची मांडणी नाही. नौका एक दिवस चुकली की विमान चुकते, विमान चुकले की पुढची सारी तिकिटे चुकतात. उलट, पोहोचताच दिग्लीपूर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप ही स्थळे उरकून अखेरचे तीन दिवस पोर्ट ब्लेअरसाठी ठेवले, तर नौका अडल्यास पोर्ट ब्लेअरचा एखादा दिवस कमी होतो, एवढेच. सेल्युलर जेल, १८८३ मध्ये सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी, मानवशास्त्रीय संग्रहालय ही स्थळे पावसातही पाहता येतात. समुद्रतळ पाहता येत नाही.

दुसरा नियम : दर पाच दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवावा आणि त्याचा खर्च आरंभीच वर्गणीत धरावा. मोकळा दिवस हा आळसाचा नव्हे, विम्याचा दिवस आहे. हवा चांगली राहिली तर त्याचे चीज करण्यास कामे पुष्कळ असतात.

तिसरा नियम : अंदाज तीन टप्प्यांत पाहावा. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे हवामान विभागाचे दर गुरुवारी निघणारे दीर्घावधीचे अनुमान पाहावे. त्यावरून उपसागरात आवर्त तयार होण्याचा सर्वसाधारण संभव कळतो. निघण्याच्या आठवड्यात दैनंदिन अनुमान पाहावे. बेटावर असताना रोज सकाळ-संध्याकाळ मच्छीमारांसाठी दिलेली सूचना व बंदरावर लावलेला बावटा पाहावा. भारतीय बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे संकेत लावले जातात; तिसरा संकेत बंदरातच जोराचा वारा संभवतो असे सांगतो. दूरच्या बेटावर असताना हा संकेत लागण्याची वाट न पाहता, कमी दाबाच्या क्षेत्राची पहिली वार्ता मिळताच मिळेल त्या नौकेने पोर्ट ब्लेअरला परतावे, असा निर्णय तुकडीप्रमुखाने निघण्यापूर्वीच लेखी करून ठेवावा. ऐन वेळी विद्यार्थ्यांच्या उत्साहापुढे असे निर्णय टिकत नाहीत.

चौथा नियम : कायद्याच्या मर्यादा पाळाव्यात. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमानुसार राखीव क्षेत्रांत प्रवेश निषिद्ध आहे. दिग्लीपूर वा बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव अरण्यातून जातो. तेथे वाहने ठरावीक वेळी तांड्याने सोडली जातात, आणि थांबणे, छायाचित्रे घेणे वा काही देणे-घेणे वर्ज्य आहे. जारवा हे अभ्याससहलीचे दृश्य नव्हेत, हे विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.

समारोप

मोसमापूर्वीचा अंदमान हा धोका पत्करून पाहण्याचा प्रदेश नव्हे आणि घाबरून टाळण्याचाही नव्हे. समुद्राची सर्वांत नितळ अवस्था, जमिनीची सर्वांत कोरडी अवस्था आणि आकाशात चाललेली मोठ्या पालटाची तयारी ही तिन्ही एकाच वेळी पाहावयास मिळतात, हे ह्या काळाचे वैशिष्ट्य. मोसमी वाऱ्यांविषयी आपण वर्गात जे शिकवितो, त्याचा पहिला पाठ निसर्ग ह्या बेटांवर देतो. तो संपवून मगच तो आपल्या दाराशी येतो.

मात्र परतीची नौका सुटणार की नाही, हे आपण ठरवीत नाही. ते वारा ठरवितो. आपल्या हाती राहते ते एवढेच की, कार्यक्रम असा आखावा की वाऱ्याने नकार दिला तरी चाळीस मुलांचे पालक चिंतेत पडू नयेत, आणि बेटावरच्या लोकांना आपल्या अटळ पाहुणचाराचा भार सोसावा लागू नये. सहलीहून परतलेल्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत प्रवाळांच्या जाती लिहिल्या असतील. त्यांच्या शेजारी रोजच्या वाऱ्याची दिशा, पहिल्या सरीची वेळ आणि निवासस्थानी पाणी किती वेळ आले, ह्यांचीही नोंद असेल, तर सहलीचा काळ योग्य निवडला गेला असे समजावे.